कुंपणाच्या उंचीचं विमान

"उडालं तर बरोबर येईल. नाही उडालं तर भंगारात," आईने जेवता जेवता जाहीर केलं.

बाबांनी मान वर केली नाही. ती ज्या सुरात बोलली त्यावरून क्षणभर मला वाटलं, बाबांबद्दलच चाललंय. पण आईचं बोट कपाटाच्या डोक्यावर रोखलेलं होतं. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेलं बाबांचं विमान होतं. रेडिओवर चालणारं, खरं इंजिन लागणारं, माझ्या जन्माआधी बांधायला घेतलेलं आणि माझं लग्न होऊन मला मुलगी झाली तरी न उडालेलं.

आईबाबा त्यांचं जुनं घर सोडून आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला येणार होते. आवराआवरीला आम्हीही तिकडेच मुक्कामाला होतो. सामानाची निवड चालू होती आणि आईच्या कोर्टात अपील नसतं. शिलाईमशीन पास झालं, पाहुण्यांचा पलंग नापास झाला. विमानाला मात्र सामान हलवायच्या आदल्या रविवारपर्यंत मुदत मिळाली. मला विचाराल तर हा पक्षपातच होता. पलंगाला कुणी उडून दाखव म्हटलं नव्हतं.

ह्या विमानाशी माझं नातं जुनं आहे. त्याचे पंख माझ्या समोर झाले. बाल्साच्या लाकडाच्या, खारी बिस्किटासारख्या हलक्या पट्ट्या बाबा ब्लेडने कापायचे, डिंक लावायचे आणि वाळेपर्यंत धरायला मला बसवायचे. "धर, पण दाबू नकोस," असं ते म्हणायचे. मी श्वास रोखून धरायची. खोलीभर त्या लाकडाचा भुसा आणि रोगणाचा गोडसर वास असायचा, आणि बाहेर मुली लंगडी खेळत असायच्या. त्यांच्यात जावंसं मला कधी वाटलं नाही. दाबलं तर मोडेल आणि सोडलं तर निसटेल, अशा गोष्टी हाताळायचं माझं शिक्षण त्या खोलीत झालं. पुढे मूल झाल्यावर ते इतकं कामाला येईल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं!

पंख झाले, धड झालं, चाकं लागली. इंजिन आणि सर्व्हो तेवढे बसायचे राहिले. सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी डबी. तिला एक दोन टोकांचा छोटा हात असतो. आपण जमिनीवरून हातातल्या रेडिओची, म्हणजे रिमोटची, दांडी हलवली की तो हात हलतो, त्याला जोडलेली तार सरकते आणि शेपटीची पट्टी वरखाली होते. एवढंच. हे 'एवढंच' बाबांचं. त्यांच्या तोंडून 'एवढंच' आलं की आई जेवणं लवकर उरकून घ्यायची.

इंजिन चादरीतून निघालं ते घट्ट मिटलेल्या मुठीसारखं. ह्या इंजिनांच्या इंधनात एरंडेल असतं. ते इतक्या वर्षांत आत सुकून डिंकासारखं झालं होतं. बाबांनी माझा केस वाळवायचा ड्रायर मागितला आणि जेवणाच्या टेबलावर इंजिनाला शेक द्यायला सुरुवात केली. हळूहळू घरभर तो वास पसरला. जळकट, गोड, थोडा औषधी. आणि मी एकदम एवढीशी झाले. बाबांच्या मांडीएवढी. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला हाच वास असायचा.

"कुणाचं पोट बिघडलंय?" दारातून आवाज आला.

हे आईबाबांच्या इमारतीतले खालचे काका. त्यांचं दर दुसरं वाक्य 'माझा अनुभव असा' ह्या शब्दांनी सुरू होतं, म्हणून आम्ही त्यांना अनुभवकाका म्हणतो. एरंडेलाच्या वासावर ते तीन जिने चढून आले होते.

"माझा अनुभव असा," इंजिन हातात घेत ते म्हणाले, "की अडकलेली वस्तू ठोकावी."

"अहो, ते विमानाचं इंजिन आहे," बाबा म्हणाले.

"मी आमचा रेडिओ ठोकूनच लावतो."

बाबांनी इंजिन त्यांच्या हातातून ज्या हळुवारपणे सोडवून घेतलं, तसं मला प्रसूतिगृहातल्या नर्सनेही घेतलं नसेल. संध्याकाळी इंजिन फिरलं. टक् असा आवाज झाला आणि बाबा लहान मुलासारखे हसले.

आता माझी अडचण सांगते. माझी मुलगी ठकू तेव्हा चार वर्षांची होती, आणि तिच्या वयाला जे जे गिळता येईल ते ते सगळं त्या टेबलावर मांडलेलं होतं. स्क्रू, वॉशर, सर्व्होखाली बसवायच्या रबराच्या इवल्या चकत्या. मी काही उगाच काळजी करणाऱ्या आयांपैकी नाही. माझी प्रत्येक काळजी सकारण असते, फक्त कारण घडायचं बाकी असतं. मी जमिनीवर खडूने रेघ मारली आणि ठकूला सांगितलं, ह्याच्या पुढे यायचं नाही. ती आज्ञाधारक आहे. दिवसभर रेघेवर उभी राहिली. टाचा अलीकडे आणि बोटं पलीकडे.

आणि तरीही एक स्क्रू हरवला.

टेबल, जमीन, गालिचा, बाबांच्या विजारीचे खिसे, सगळं पाहून झालं. मग सगळ्यांच्या नजरा ठकूकडे वळल्या.

"ठकू, स्क्रू खाल्लास?"

ठकूने विचार केला. "कसा लागतो?"

मी पर्स उचलली. रिक्षात माझ्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बाबा, मांडीवर अत्यंत खूश ठकू. दवाखान्यात तिच्या पोटाचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरून सांगितलं की आत स्क्रू नाही, बिस्किटं मात्र पुष्कळ आहेत. मी हुश्श केलं आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाबांच्या खिशाकडे पाहत म्हणाल्या, "हाच का तो?"

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. त्याच्या लोहचुंबकी टोकाला तो स्क्रू निवांत चिकटून बसला होता. आमच्याबरोबर रिक्षाने आला होता.

परतताना आम्ही सगळे पावसापाण्याबद्दल बोललो. इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे कुणाची चूक कुणी बोलून दाखवत नाही. गुपचूप दुरुस्त करतो. भाजी अळणी झाली तर आईला वाईट वाटू नये म्हणून बाबा तिची पाठ वळली की चिमूटभर मीठ टाकतात. मग मी टाकते. आईच्याही मागाहून लक्षात येतं, तीही टाकते. शेवटी ती भाजी आम्ही सगळे पाणी पीत पीत, "छान झालीय," म्हणत संपवतो. इतकी प्रेमळ माणसं एका छपराखाली राहू नयेत.

माझा नवरा ह्या घरात बाहेरून आलेला, पण त्याने रीत लवकर उचलली. बाबांनी इंजिन विमानाच्या नाकाला बसवलं ते थोडं उजवीकडे कललेलं. तसंच बसवायचं असतं म्हणे, म्हणजे पंख्याच्या ओढीने विमान डावीकडे खेचलं जात नाही. त्यासाठी एका बाजूला दोन वॉशर जास्त होते. नवऱ्याला ते वाकडं दिसलं. सासऱ्यांचा मान राखून त्याने, बाबा आंघोळीला गेल्यावर, वॉशर काढून इंजिन सरळ केलं. बाबांनी आल्यावर पाहिलं, "सैल पडतंय वाटतं," म्हणत पुन्हा कलतं केलं. असं आठवडाभर चाललं. शेवटी बाबा चिंतेने म्हणाले, "जावईबापू, ह्या लाकडात काहीतरी दोष आहे. इंजिन रोज सरळ होतं."

नवरा लाल झाला. पुढे तो विमानाजवळ येताना हात मागे बांधून यायचा.

इंजिन पहिल्यांदा चालवायचं ते गच्चीवर ठरलं. विमान टेबलाला दोरीने जखडलं. खडूची रेघ मी यावेळी पाण्याच्या टाकीपलीकडे मारली, आणि ठकूला कडेवर घेऊन त्या रेघेच्याही मागे उभी राहिले. बाबांनी काठीने पंखा मारला. फुर्र, बंद. पुन्हा मारला. आणि मग ते जे किंचाळत सुटलं! पंखा दिसेनासा झाला, नुसतं चकचकीत वर्तुळ उरलं. ठकू दोन्ही हात पसरून पुढे झेपावली आणि मी तिला असं आवळलं की ती रडायलाच लागली.

"तूही अशीच धावली होतीस," आई माझ्या कानाशी ओरडून म्हणाली.

"काय?"

"एवढीच होतीस! ह्यांनी घरात टेबलावर चालू केलं होतं. चमकतंय म्हणून पकडायला धावलीस. ह्यांनी मध्ये हात घातला."

बाबांच्या उजव्या तर्जनीवर एक आडवा वण आहे. मला लहानपणापासून सांगितलं होतं की तो कपाटाच्या दाराचा. आणि मी इतकी वर्षं समजत होते की विमान आईने बंद पाडलं.

"मी कशाला बंद पाडीन?" आई म्हणाली. "त्यांनीच गुंडाळून वर ठेवलं. म्हणाले, पोरगी मोठी झाली की बघू. मग तू मोठी झालीस तरी त्यांना दिसेना."

मी काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडून अनुभवकाका आले. हातात त्यांचे तीन पांढरे सदरे. तिकडच्या दोरीवर वाळत होते आणि इंजिनाने धुराबरोबर उडवलेल्या एरंडेलाचे त्यांच्यावर बारीक ठिपके पडले होते. आईने ते सदरे धुऊन, इस्त्री करून परत पाठवले. काकांचा अनुभव असा, की वास पुढे कित्येक महिने राहतो.

विमान उडवायला मोकळी जागा हवी. म्हणून मी मोठ्या मैदानाच्या कार्यालयात परवानगीला गेले. तिथल्या कारकुनांनी माझा अर्ज वाचून चष्मा काढला.

"विमान कुठून येणार?"

"घरून."

"त्यात किती माणसं?"

"माणसं नाहीत. ते एवढंसं असतं." मी हात पसरून दाखवले.

"मग पतंग लिहा. पतंगाला परवानगी लागत नाही. दोरी बांधा."

"दोरी बांधली तर पंख्यात जाईल हो."

"विमानाला आमच्याकडे रकाना नाही, बाई. सामने, सभा, व्यायाम, इतर." त्यांनी बराच वेळ 'इतर'कडे पाहिलं. मग त्यांचे साहेब आले, साहेबांनाही माझी दया आली आणि परवानगी मिळाली. अट एकच घातली. सदर विमान मैदानाच्या कुंपणापेक्षा जास्त उंच जाऊ नये.

मी बी. ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. पण आभार मानून बाहेर पडले.

राहिले सर्व्हो. जुना रेडिओ बॅटरी फुटून केव्हाच संपला होता, म्हणून नवा आणला. दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का?" मी म्हटलं, "वडिलांसाठी." तो जरा थबकला आणि पिशवीत एक चिकटपट्टी जास्त टाकली. बाबांनी दोन दिवस खपून सर्व्हो बसवले, तारा जोडल्या आणि दुपारी झोपले. मी सहज रेडिओ हातात घेतला. दांडी मागे ओढली की शेपटीची पट्टी वर व्हायला हवी, म्हणजे विमान वर चढतं. हे मी सूचनापत्रिकेत वाचलं होतं. मी सूचनापत्रिका वाचते. औषधांच्यासुद्धा.

दांडी मागे ओढली. पट्टी खाली गेली.

म्हणजे बाबा चढायला सांगणार आणि विमान सरळ जमिनीत घुसणार. बाबांना उठवावं? इतक्या वर्षांनी ते बसवून, समाधानाने घोरत होते. पत्रिकेत उपाय होता. रेडिओच्या तळाशी चार छोटे खटके एका ओळीत असतात. ज्या सर्व्होची दिशा उलटी आहे, त्याचा खटका वर करायचा. मी नखाने एक खटका वर केला. दांडी ओढली. पट्टी वर. बाबांची इज्जत वाचली. रेडिओ होता तिथे ठेवून मी पुण्यवंतासारखी बाहेर आले.

रविवारी सकाळी मैदानावर आम्ही पाचजण, थर्मासमधला चहा, प्रथमोपचाराची पेटी आणि कुंपणापाशी शिट्टी घेतलेला पहारेकरी. उडालं नाही तर काय, हे सगळ्यांना माहीत होतं. भंगारवाल्याला आईने सोमवारी बोलावून ठेवलं होतं. बाबांनी नवा सदरा घातला होता. रेडिओचा पट्टा नवऱ्याने त्यांच्या गळ्यात घातला आणि लगेच हात मागे बांधले.

बाबांनी दांडी ओढली. मी शेपटीकडे डोळे लावले. पट्टी वर. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. बाबांच्या चेहऱ्यावरही अगदी तसंच काहीतरी उमटलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

इंजिन सुरू झालं. तो वास आला. विमान गवतावरून उड्या मारत, डुगडुगत निघालं, आणि कुठल्या क्षणी चाकांखालचं गवत संपलं ते कळलंच नाही. ते वर होतं. इतकी वर्षं आमच्या कपाटावर धूळ खात बसलेलं ते वर होतं, पंखांतून ऊन आरपार जात होतं आणि मी चिकटवताना धरलेल्या पट्ट्या इथून, खालून, एकेक मोजता येत होत्या.

"अहो, कुंपण! कुंपण!" पहारेकरी शिट्टी वाजवत ओरडला. विमान कुंपणाच्या दसपट उंच गेलं होतं. मग त्याने वर पाहिलं. शिट्टी तोंडात तशीच राहिली, वाजायची थांबली.

"आई, दुखतंय," ठकू म्हणाली. मी तिचं मनगट गच्च पकडलं होतं.

"अगं, धर, पण दाबू नकोस," आई म्हणाली. बाबांच्याच सुरात म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती विमानाकडे पाहत होती आणि तिने स्वतः बाबांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं.

दोन फेऱ्या झाल्या आणि इंजिन गप्प झालं. इंधन संपलं. आकाश एकदम रिकामं वाटलं. बाबांच्या ओठांतून 'एवढंच, एवढंच' असं काहीतरी येत होतं. ते विमानाला म्हणत होते की स्वतःला, कोण जाणे. विमान तरंगत, घसरत, आमच्या डोक्यावरून गेलं आणि क्रिकेटच्या सरावासाठी लावलेल्या जाळ्यात अलगद जाऊन बसलं. एका पंखाचं टोक फाटलं, बाकी सगळं शाबूत.

"उडालं," बाबा म्हणाले.

"उतरलं मात्र माशासारखं," आई म्हणाली. मग चहा ओतत पुढे म्हणाली, "पण बोली उडण्याचीच होती. येऊ दे बरोबर."

चहा पिताना बाबांना राहवलं नाही. "आता सांगायला हरकत नाही. शेपटीची पट्टी मी चुकून उलटी जोडली होती. झोपेत ध्यानात आलं. आज पहाटे उठून सर्व्होच्या हाताच्या ह्या टोकाची तार त्या टोकाला लावली. रेडिओ हिने कपाटात कुलूपबंद केला होता, किल्ली मागितली तर ही विचारणार. म्हणून तसंच आणलं, देवाचं नाव घेऊन."

माझा कप हातातच राहिला. "बाबा, ती मी काल दुपारीच सुलटी केली होती. रेडिओचा खटका वर करून."

बाबांनी कप खाली ठेवला. नवऱ्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून ती परत उलटी केलीत. मग उडालं कसं?" सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मी हात लावलेला नाही! शपथ!"

"कुठला खटका?" आईने विचारलं. "तळाचा? चार आहेत त्यातला?"

"हो."

"तो मी खाली केला. काल रात्री रेडिओ पुसून कपाटात ठेवताना. तीन खाली आणि एकच वर, कसंतरीच दिसत होतं."

नवऱ्याने पुन्हा बोटं मोजली: उलटी, सुलटी, उलटी, सुलटी. मग बाबा हसायला लागले, इतके की पहारेकरी बघायला आला. आईला कशाचं हसू चाललंय ते शेवटपर्यंत पटलं नाही. नीटनेटकं ठेवण्यात हसण्यासारखं काय आहे, हा तिचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

विमान आता आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या वर, छताच्या हुकाला टांगलेलं आहे. आईबाबांच्या खालच्या खोल्यांत त्याला जागा नव्हती. पंखाचं टोक बाबांनी नव्या कागदाने मढवलं, तेव्हा ठकूने ते वाळेपर्यंत श्वास रोखून धरलं होतं. खडूची रेघ मी मारली नाही. पावसाळी हवेत अजून वरून एरंडेलाचा वास येतो आणि जेवता जेवता माझा हात क्षणभर थांबतो.

फक्त त्याच्याखाली ठकूची खुर्ची येते, म्हणून मी दोरीला एक जादा गाठ मारली. कुणाला न सांगता. परवा पंख पुसायला स्टुलावर चढले तर गाठी चार होत्या. एक बाबांची, ती मी ओळखते. एक नवऱ्याची, सरळ आणि घाबरलेली. आणि एकीची दोन्ही टोकं अगदी सारखी कापून ओळीत बसवली होती.

आता ते विमान खाली काढायचं तर छतच काढावं लागेल. मी पाचवी गाठ मारली आणि खाली उतरले.